शुक्रवारी हवा घेणारी गाडी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

गाडी सुरू झाली नाही. सहा वाजल्यापासून सेल्फ मारत होते. इंजिन फिरतं, कुंथतं, पण पेट घेत नाही. सात वाजता बॅटरीनेही मान टाकली. सटाण्याला चौदा माणसं वाट बघत बसणार होती. एकेकाला फोन करून "पुढच्या शुक्रवारी" म्हणताना माझीच मला लाज वाटत होती. लंकाबाई म्हणाल्या, "ताई, सुईमा दोरा जास नही." गोधड्या शिवून पोट भरणारी बाई. तिचा चष्मा तयार आहे, माझ्या पेटीत आहे, आणि पेटी या मेलीच्या डिकीत.

ही डायरी काचांच्या एजंटने दिली. मी काही लिहिणारी बाई नाही. पण या घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे तात्या. सासऱ्यांवर ओरडता येत नाही. तेव्हा इथे ओरडते.

गाडी २००६ सालची, डिझेल. माझ्या नवऱ्याने, रवीने, जुनीच घेतली होती. चौदाशे सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. "त्रेपन्न घोडे आहेत," असं तो सांगायचा. चढाला लागली की त्यातले वीस तरी बसून घेतात. पंप, पाईप, इंजेक्टर, सगळं हाताने उघडता येतं, म्हणून त्याला ती आवडायची. "हिला डॉक्टर लागत नाही, वैदू पुरतो," म्हणायचा. तो स्वतः गेला, सटाण्याच्याच रस्त्यावर, वडाळीभोईजवळ, मोटारसायकलवर. दोन वर्षं झाली. त्याच्यामागे चष्म्याचं दुकान चालेना, मग मी काचांची पेटी आणि नंबर काढायचं मशीन गाडीत टाकून फिरायला लागले. मंगळवारी निफाड. शुक्रवारी सटाणा, तो नोव्हेंबरात जोडला.

तात्या बाहेर आले, हात मागे बांधून उभे राहिले. "जुनं इंजिन हाय. थंडीत असंच व्हतं. आज नको जाऊ." नको जाऊ म्हणे. जाणार कशावर होते?

५ जानेवारी, रविवार

जमीलभाई घरी आले. पखाल रोडला त्यांचं गॅरेज आहे, ही गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. त्यांनी बॅटरी चार्ज केली, चारही हीटर प्लग बदलले. "भाभी, थंडीत सिलिंडर आधी गरम व्हावा लागतो, तरच डिझेल पेटतं. दोन प्लग गेलेलेच होते." किल्ली फिरवली, एका झटक्यात सुरू. मला बरं वाटायच्या ऐवजी रागच आला. शुक्रवारी काय धाड भरली होती?

तात्यांनी जमीलभाईंना स्वतः चहा करून दिला. मग म्हणाले, चल, एक चक्कर मारून बघू. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गेलो. तात्या पुढच्या सीटवर खूश. सत्तावीस वर्षं एसटी चालवली, एक अपघात नाही. इंजिनचा आवाज ऐकून म्हणाले, "टॅपेटचा थोडा आवाज हाय, बाकी लय निरोगी इंजिन हाय." परवा तर 'जुनं' होतं.

७ जानेवारी, मंगळवार

निफाडला पारा सहा अंशांवर. गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

भिमाजी म्हणून एक द्राक्षवाले आले, साठीचे. चार वर्षं फवारणीच्या बाटलीवरची अक्षरं दिसत नाहीत, अंदाजाने औषध ओततात. अडीच नंबर निघाला. काच लावून दिली तर खिशातून बाटलीचं लेबल काढून वाचलं आणि म्हणाले, "अरे, हे तर लय विषारी लिव्हलंय!" मी हसले. मग चिडले. चार वर्षं हा माणूस अंदाजावर विष ओततोय आणि घरात कुणाला वाटलं नाही की याला दिसत नसेल.

१० जानेवारी, शुक्रवार

परत बंद.

नवे हीटर प्लग असून बंद. सायलेन्सरमधून धूरसुद्धा नाही. जमीलभाईंना फोन केला तेव्हा काय काय बोलले ते लिहीत नाही. ते दहाला आले. बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबायला लागले, पन्नास-साठ वेळा. आधी नुसता फुसफुस आवाज, मग बटण कडक झालं. सेल्फ मारला, दोनदा धडधडली आणि सुरू.

"लाईनमध्ये हवा होती भाभी. जुन्या डिझेलचा हा नेहमीचा रोग. पंप टाकीतून डिझेल ओढतो. पाईप कुठे सैल असला की डिझेलच्या जागी हवा ओढतो. रात्रभरात सगळं डिझेल मागे टाकीत उतरतं. सकाळी पंप कोरडा."

"मग सैल कुठे आहे ते शोधा की!"

"हा बघा, टाकीकडून फिल्टरला येणारा पाईप. याची क्लिप ढिली होती. नवीन टाकतो, स्क्रूची."

फिल्टरही बदलला. पण अकरा वाजून गेले होते. आता निघून सटाण्याला पोचणार कधी आणि बसणार कधी? परत चौदा फोन. नाही, अकराच. तिघांनी दुसऱ्या गावी जाऊन चष्मे करून घेतले.

तात्या सगळा वेळ गेटपाशी उभे. एवढी वर्षं डिझेलच्या गाड्या हाकल्या, हातपंप काय असतो ते माहीत नसेल? सकाळी सहालाच मारून दिला असता तर? मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "आमच्या टायमाला गाडी बिघडली तर वर्कशॉपवाले बघायचे." आणि पंच्याला हात पुसत आत गेले. म्हातारपणी माणूस इतका निरुपयोगी होतो का? लिहिल्यावर वाईट वाटलं, पण खोडत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. निफाडला कुणी येणार नाही म्हणून घरीच. तात्यांनी तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोल म्हणाले. नाही बोलणार.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मी जे केलं ते केलं.

साडेसहाला किल्ली फिरवली. बंद. नवे प्लग, नवा फिल्टर, नवी क्लिप, आणि बंद. मी तशीच रिक्षा केली आणि पखाल रोडला गेले. गॅरेज नुकतं उघडलं होतं. चार गिऱ्हाइकं होती. जमीलभाईंची बायको सुहाना डबा द्यायला आली होती, तीही उभी होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्याकडे गाड्या दुरुस्त होत नाहीत, रोग पेरले जातात. एक काढायचा, दुसरा सोडायचा, म्हणजे बाई परत येते. बाई एकटी आहे, तिला इंजिनातलं काय कळतंय. चोर आहात तुम्ही!"

ते म्हणाले, "भाभी, ती क्लिप मी स्वतः आवळली होती. ती आपोआप ढिली होत नाही. मला एकदा गाडी जागेवर बघू द्या, हात न लावता."

तेव्हा मी म्हणाले, "त्या दिवशीही गाडी तुमच्याकडेच पडून होती. दिली असतीत वेळेवर, तर तो मोटारसायकलवर गेला नसता."

हे मी आधी कधीच म्हटलं नव्हतं. माझ्या मनात होतं हेही मला माहीत नव्हतं. जमीलभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "दुसरीकडे दाखवा गाडी," एवढंच म्हणाले.

घरी आले तर तात्या म्हणतात, "दुपारी ऊन पडल्यावर सेल्फ मारून बघ, लागंल." मी मुद्दाम एक वाजता सेल्फ मारून बघितला. लागली. मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. हॉर्न वाजला, शेजारचे बाहेर आले.

बरं झालं मी बोलले ते. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

१९ जानेवारी, रविवार

अंबडला एका मोठ्या गॅरेजात नेली. टाईल्स, काचेची केबिन, बॉनेट उघडायच्या आधीच निदान. पंप ओव्हरहॉल करा, इंजेक्टर टेस्टिंगला द्या, टायमिंग बेल्ट केव्हा तुटेल सांगता येत नाही, कॉम्प्रेशनही गेलं असणार. "मॅडम, खरं सांगू? भंगारात द्या. घरी गाडीचं बघणारं कुणी नाहीये का?"

मी म्हणाले, "मी आहे ना. दिसत नाही का? डोळे तपासून देऊ?"

तात्या घरी वाट बघत होते. त्यांना सांगितलं तर लगेच म्हणाले, "बरोबर बोलला तो. ईकून टाक."

"आणि सटाण्याला काय डोक्यावर पेटी घेऊन जाऊ?"

"सटाणा सोड. निफाड हाय, सिन्नर धर. तिकडचा रस्ता बी चांगला हाय."

"सटाण्याची माणसं मी जोडलीत तात्या. तिथे दुसरं कुणी जात नाही. तुम्हाला काय जातंय सोडा म्हणायला!"

"मला काय जातंय," असं ते म्हणाले. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. सुनेने कमवावं ते यांना चालतं, पण ती लांब जाऊन, चार ठिकाणी ओळख करून, नाव काढून कमावते ते खुपतं. रवी असता तर म्हणाले असते का सटाणा सोड?

२१ जानेवारी, मंगळवार

निफाड, पाच अंश. पहिल्या सेल्फला सुरू! मग शुक्रवारीच काय होतं? डिझेल दुसऱ्या पेट्रोलपंपावर भरून बघितलं. गुरुवारी कुठे उभी करते, मंगळवारी कुठे, तेही आठवून बघितलं. तिथेच, गेटच्या आत, पेरूच्या झाडाखाली. आता ज्योतिषाला दाखवायची बाकी आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

ठरवलं. उद्या कुणाला बोलावणार नाही, कुणाची वाट बघणार नाही. जमीलने केलं ते मी बघितलंय. हातपंप मारायचा, बटण कडक होईपर्यंत. संध्याकाळी तात्यांना सांगितलं, "उद्या काही झालं तरी जाणार. ढकलत न्यावी लागली तरी."

२४ जानेवारी, शुक्रवार

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी बंदच होती. मी बॉनेट उघडलं, पदर खोचला, हातपंप मारला. पन्नास, साठ, सत्तर. बोटं सोलली. बटण कडक झालं. सेल्फ. लागली! मी एकटीच गाडीत ओरडले. गेट उघडून बाहेर काढली तेवढ्यात तात्या आतून धावत आले. "उज्वला, थांब! थांब गं!" आरशात दिसत होते, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, हात वर. मला कळलं काय म्हणायचंय ते. नको जाऊ. नाही थांबले. फोन वाजायला लागला तर आवाज बंद करून मागच्या सीटवर फेकला.

पिंपळगावपर्यंत गाडी छान. पुढे सोग्रस फाट्यावरून देवळ्याच्या रस्त्याला लागले आणि जरा गचके द्यायला लागली. मी गिअर बदलला, दामटली. भावडबारीच्या घाटात मधल्या वळणावर, चढावर, इंजिन एकदम गप्प झालं. आवाजच नाही. गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. ब्रेक दोनदा लागला आणि मग दगडासारखा कडक झाला. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर राहत नाही हे मला आज कळलं. मागे कांद्याचा ट्रक. त्याचा हॉर्न, त्याच्या ब्रेकचा किंकाळीसारखा आवाज, आणि माझ्या आरशात फक्त त्याचा बंपर. हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. पहिला गिअर टाकला. थांबली. ट्रकही थांबला. मध्ये हातभर जागा होती. मी उतरून मोजली. का मोजली कुणास ठाऊक.

रस्त्याकडेच्या शेतातला एक माणूस धावत आला, चिमाजी नाव. त्याने आधी चाकामागे दगड लावले. "ताई, बाजूले व्हा. तुम्हले लागनं का?" मी मानेनेच नाही म्हणाले. ट्रकवाल्याने आणि त्याने बॉनेट उघडलं. चिमाजीच्या ट्रॅक्टरलाही असाच फिल्टर आहे म्हणाला. बघून म्हणाला, "ताई, हाई पाईपले क्लिपच नही. नुसता घालेल शे." मग माझ्याकडे बघून, "कोनीतरी काढेल शे हाई."

त्याने तारेने पाईप बांधला, हातपंप मारून गाडी सुरू करून दिली. पाणी पाजलं. मी सटाण्याला गेले. हो, गेले. लंकाबाईंना चष्मा दिला, त्यांनी तिथेच सुई ओवून दाखवली, आणि मी रडले तर त्यांना वाटलं आनंदाने.

कोणीतरी काढलीय. त्या क्लिपला हात लावणारा एकच माणूस आहे. मी त्याला चार माणसांत चोर म्हटलं, त्याचा हा सूड! उद्या जाणार आहे. सोडणार नाही.

फोनवर तात्यांचे अकरा मिस्ड कॉल. घरी आले तर पायरीवरच बसलेले, सकाळचाच सदरा. "आलीस?" म्हणाले. मी म्हणाले, "घाटात बंद पडली. ट्रक हातभर अंतरावर होता." ते उठले, भिंतीला धरत आत गेले आणि दार लावून घेतलं. एका शब्दाने विचारलं नाही लागलं का म्हणून. चिमाजीने विचारलं, यांनी नाही!

२५ जानेवारी, शनिवार

गॅरेजवर गेले. जमीलभाईंना म्हणाले, पोलिसात जाते. त्यांनी ऐकून घेतलं. मग गाडीशी आले, तार बांधलेला पाईप बघितला, हात लावला नाही.

"भाभी, मी लावली ती क्लिप स्क्रूची होती. ती गळून पडत नाही, काढावी लागते. आणि दहा तारखेनंतर ही गाडी माझ्याकडे आलेलीच नाही. मी तुमच्या घरीही आलेलो नाही."

ते खरं होतं. मी म्हणाले, "मग कोण?"

"गाडी रात्री कुठे असते?"

"आमच्या गेटच्या आत. कुलूप असतं."

ते फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "काल सकाळी मला तात्यांचा फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"ते त्यांनाच विचारा. घरी जा भाभी."

गेटला कुलूप असतं. किल्ल्या दोन आहेत. एक माझ्या पर्समध्ये.

२६ जानेवारी, रविवार

काल विचारलं नाही. विचारू शकले नाही. आज सकाळी ते स्वतःच स्वयंपाकघरात आले. मी कणीक मळत होते. त्यांनी ओट्यावर क्लिप ठेवली. स्क्रूची, नवी.

"मीच काढली," ते म्हणाले.

मी म्हणाले, "दर शुक्रवारी?"

"आदी नुसती ढिली करायचो. पहाटं. मंग तू गेली नाईस की दुपारी आवळून, हातपंप मारून ठिवायचो. या बारीला तू म्हणली, कायबी झालं तरी जाणार. म्हणून काढूनच टाकली. मला वाटलं, लागायचीच नाय. हातपंप मारून तू नेशील असं वाटलं नाय मला."

"तुम्ही ड्रायव्हर आहात तात्या. चढावर गाडी हवा घेतली की काय होतं, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत व्हतं. म्हणूनच पळालो तुज्यामागं. फोन केले. जमीलला केला, कुणी वळखीचं आसंल तं पिंपळगावात गाडी आडवा म्हणून."

"तुम्ही मला मारलं असतं."

"हो," ते म्हणाले.

नाही म्हणाले असते, रडले असते, पाया पडले असते तर मला काहीतरी सुचलं असतं. नुसतं 'हो'. मी कणकेची परात ढकलून दिली, ती ओट्यावरून खाली गेली.

"तोंडाने का नाही सांगितलंत? बस माझ्यासमोर, त्या रस्त्याने जाऊ नको, मला भीती वाटते, एवढं बोलता येत नव्हतं?"

"सांगितलं आसतं तं थांबली आसतीस?"

"नाही."

"मंग."

"मग काय मग! म्हणून चोरून? मी त्या माणसाला चोर म्हटलं, त्याच्या बायकोसमोर. तुम्हाला माहीत होतं मी तिकडे गेले होते. मी घरी येऊन तुम्हाला सगळं सांगितलं, कौतुकाने सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. त्याला तुम्ही चहा करून दिलात तात्या, या हातांनी!"

ते खाली बसून कणीक गोळा करायला लागले. मी म्हणाले, राहू द्या. ते करत राहिले. त्या रस्त्याने एक गेला माझा, असं काहीतरी पुटपुटत होते. माझा म्हणे. माझा कोण होता मग तो?

हे घर सोडून जावं का, याचा आज पहिल्यांदा विचार केला. जायचं कुठे, हाही केला. मी गेले तर यांना भाकरी कोण देईल, हाही आला मनात, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

२७ जानेवारी, सोमवार

मी म्हणाले, गाडीत बसा. कुठे ते त्यांनी विचारलं नाही.

गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं होती. मी मुद्दाम ती वेळ धरली होती. मी चारचौघांत बोलले होते, तर परतही चारचौघांतच घ्यायला हवं. मी जमीलभाईंना म्हणाले, "मी तुम्हाला चोर म्हटलं. ते खोटं होतं. क्लिप आमच्या घरातच निघत होती. माफी मागायला आले."

तात्या पुढे झाले. टोपी काढून हातात धरली. "क्लिप मी काढायचो. पोरीला काय माहीत नव्हतं."

एक गिऱ्हाईक फसकन हसलं. तात्यांची मान खाली. सत्तावीस वर्षांत ज्यांना कुणी साधा मेमो दिला नाही, ते तिथे काळ्या ऑइलवर उभे होते. मला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. नाही वाटलं.

जमीलभाई त्यांना म्हणाले, आणि आवाज चढवूनच म्हणाले, "तात्या, गाडी जाऊ द्यायची नव्हती तर बॅटरीची वायर काढायची. किल्ली लपवायची. टायरची हवा सोडायची. डिझेलचा पाईप ढिला करायचा नसतो! अर्धी चालणारी गाडी बंद गाडीपेक्षा वाईट. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"नाय," तात्या म्हणाले. "चुकलं."

मग जमीलभाई मला बाजूला घेऊन गेले. "चोर म्हणालात त्याचं काही नाही भाभी. या धंद्यात महिन्यातून एकदा कुणीतरी म्हणतंच. दुसरं म्हणालात ते..."

"तेही मागे घेते."

"ते घेऊ नका. गॅस्केट यायचं होतं. आज येतं, उद्या येतं, करत एक दिवस गेला. तो एक दिवस मी रोज मोजतो. तुम्ही म्हणालात, तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी म्हटलं एकदाचं."

मला खरंच तसं वाटतं का? वाटतं. रोज नाही, पण वाटतं. आणि गॅस्केट उशिरा येणं हा कुणाचा गुन्हा नाही, हेही कळतं. दोन्ही कळतं.

त्यांनी पाईप नवा घातला, क्लिप नवी घातली, पंपाच्या बाजूची सगळी जोडणी आवळली. टायमिंग बेल्ट पुढच्या महिन्यात बदलायला सांगितला. चहा विचारला नाही. सुहाना आत होती, बाहेर आली नाही. बरोबर आहे त्यांचं.

३१ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस तात्यांशी बोलले नाही. जेवण वाढलं, औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या, बोलले नाही. आज सकाळी गाडी काढायला गेले तर ते गेटपाशी, इस्त्रीचा सदरा, टोपी. मी पहिल्या सेल्फला सुरू केली. त्यांनी गेट उघडलं आणि बाजूला उभे राहिले.

मी दोन मिनिटं इंजिन तसंच ठेवलं. ते हललेच नाहीत. मग मी डावीकडचं दार उघडलं. बसले.

ओझर, पिंपळगाव. त्या रस्त्याला ते दोन वर्षांत आलेले नव्हते. पिंपळगावच्या पुढे त्यांनी खिडकीवरची मूठ धरली. वडाळीभोई आलं. गाडी थांबवली नाही. ऐंशीचा वेग होता, तेवढाच ठेवला. पुढे सोग्रस फाट्याला वळले तेव्हा ते म्हणाले, "तू डोळे मिटतीस तिथं."

"कुठे?"

"वडाळीभोईला. ईतभर वेळ. गाडी चालवताना. मी बगितलं."

"काहीतरीच काय! मी नाही मिटत."

"मिटतीस. दर शुक्रवारी मिटत आसशील."

मला असा संताप आला की दारच उघडून उतरवावं त्यांना. आपली चूक झाकायला माणूस काहीही शोधून काढतो. मी डोळ्यांचं काम करते, मला कळणार नाही माझ्या डोळ्यांचं? घाटात त्यांनी सांगितलं, दुसरा टाक. मी म्हणाले, टाकलाय.

दिवस चांगला गेला. सोळा माणसं. तात्या बाहेरच्या बाकावर बसून होते, म्हाताऱ्यांशी बोलत होते. कुणाला तरी सांगताना ऐकलं, "सुनेची गाडी हाय. लय सांभाळून चालवती." खोटं बोलायची सवयच लागलीय.

परत येताना मी ठरवलं होतं, आज वडाळीभोई बघायचंच. डोळे उघडे ठेवून, नीट, तो पूल, तो ढाबा, सगळं. म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल. सोग्रस फाटा मागे पडल्यापासून मी लक्ष ठेवून होते. तात्या शेजारी जागे होते, एक हात हँडब्रेकजवळ.

आणि मग पूल नाही, ढाबा नाही, एकदम पिंपळगावचा टोलनाकाच आला.